निरीक्षकाच्या वाट्याचे डोके

मेंढ्याला खुबे दोनच असतात, हे संरक्षण मंत्रालयातल्या शिपायापासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होते. त्याचे आंतरराष्ट्रीय परिणाम ठाऊक असलेल्या मात्र बुरुलचाबाई एकट्याच. मांस वाटताना कोणते हाड कोणाच्या ताटात जावे या विषयावर त्यांनी ऐन तारुण्यातली सहा वर्षे खर्चून तीनशे चाळीस पानांचा प्रबंध लिहिला होता. पुढे विद्यापीठाला विद्वानांची गरज उरली नाही आणि मंत्रालयाला पाहुण्यांना बसवणाऱ्या माणसाची गरज पडली, म्हणून त्या राजशिष्टाचार विभागात आल्या. गेली सात वर्षे त्या विभागाच्या कार्यवाहक प्रमुख होत्या. कार्यवाहक म्हणजे काम सगळे करायचे आणि सही दुसऱ्याने करायची. दारावरच्या पाटीतला तो एक शब्द निघावा एवढीच त्यांची इच्छा होती, आणि तो काढण्याचा आदेश या घटकेला उपमंत्री मेलिस कुबातोविच यांच्या कोटाच्या आतल्या खिशात होता.

"सही करून ठेवलीय," मेलिस कुबातोविच खिशावर थाप मारत म्हणाले. "फक्त तारीख घालायचीय. उद्याचं जेवण होऊ दे. पाहुण्यांकडून अभिप्रायाचे कागद कोरे परत आले, की तारीख घालतो. एक जरी तक्रार आली ना बुरुलचा सादिरोव्ना, तर हाच कागद मी चहाचा समोवार पेटवायला वापरीन."

"समोवार विजेचा आहे," बुरुलचाबाई म्हणाल्या.

"तेच सांगतोय. मला उगाच जुना शोधायला लावू नका."

इस्सिक-कुल सरोवराच्या काठावरच्या जुन्या आरोग्यधामात संघाच्या मंत्र्यांची वार्षिक परिषद भरली होती. संघाचे सदस्य चार: यजमान आपण, आणि पाहुणे तिघे. विभागात पाहुण्यांना नकाशावरून पडलेली नावे होती. उत्तरेकडचे ते 'मोठे', गवताळ मैदानांवरचे ते 'गवताळे' आणि दक्षिणेकडचे ते 'खालचे'. परस्परांवर हल्ला झाल्यास परस्परांच्या मदतीला धावायचे, असा या चौघांचा करार होता. मात्र हल्ला झाला हे प्रथम कोणी पाहायचे, त्याचा निरोप कोणी ऐकायचा आणि जगाला तो कोणी सांगायचा, हे चार वर्षे ठरत नव्हते. संयुक्त मुख्यालयातली टेहळणी, संदेशवहन आणि प्रवक्ता ही तिन्ही पदे त्यामुळे रिकामी होती. सुदैवाने हल्लाही झाला नव्हता.

या चौघांशिवाय एक निरीक्षक होता. त्याचा देश फार पश्चिमेला, फार छोटा, आणि संघाच्या कागदपत्रांत त्याचे नाव कुठेच येत नसे. सर्वत्र 'निरीक्षक' एवढाच उल्लेख. त्या देशातल्या अर्ध्या सरकारला आपण या संघात आहोत असे जनतेला सांगायचे असे आणि उरलेल्या अर्ध्याला आपण त्यात नाही असे. या दोन्ही विधानांना एकाच वेळी खरे ठेवण्याचे काम द्रागोमिर वेसेलिनोविच नावाचा सहासष्ट वर्षांचा सद्गृहस्थ अकरा वर्षे करत होता. त्याची खुर्ची नेहमी कोट टांगायच्या खुंट्यांजवळ असे. बोलायचे नाही, सही करायची नाही, हात वर करायचा नाही आणि टाळ्या वाजवताना छायाचित्रात यायचे नाही, अशा त्याला सूचना होत्या. फारच अडले तर त्याने राजशिष्टाचार अधिकाऱ्याच्या कानात बोलावे, एवढी मुभा संघाच्या नियमात होती. गेल्या अकरा वर्षांत तो दोनदा बोलला होता. दोन्ही वेळा खिडकी लावण्याविषयी.

जेवणाचा आराखडा बुरुलचाबाईंनी तीन आठवडे घासून गुळगुळीत केला होता. दोन मेंढे, म्हणजे खुबे चार. तीन पाहुणे मंत्री आणि चौथे आपले. मानाचे हाड प्रत्येकाला, कमीजास्त कोणाला नाही. प्रश्न उरला तो डोक्याचा; ते पंक्तीतल्या सर्वांत मानाच्या पाहुण्यापुढे ठेवतात.

"डोकी दोन आहेत, कारिंदाश," आचारी झुमाकान म्हणाला. तो वयाने मोठा, म्हणून बाईंना धाकटी बहीण म्हणत असे आणि बाई त्याला बाइके, म्हणजे थोरला भाऊ. "दोन पाहुण्यांना देऊन टाक. मोकळी हो."

"आणि तिसऱ्याला काय देऊ, बाइके? सांत्वन?"

"मग तिसरा मेंढा काप."

"म्हणजे खुबे सहा होतील. चार माणसं आणि सहा खुबे. उरलेले दोन कोणाला दिले नाहीत यावर पुढची चार वर्षं चर्चा होईल."

"मग डोकंच नको ठेवू."

"मेंढा कापला आणि डोकं आणलं नाही, तर पाहुणे म्हणतील मेंढा चोरीचा होता."

झुमाकानने सुरी पुसली. "तुमच्या मंत्रालयात माणसं शिकून येतात की येऊन बिघडतात, हे मला अजून कळलेलं नाही."

डोके एकच ठेवायचे, दुसरे स्वयंपाकघरात झाकून ठेवायचे, इथपर्यंत बाई आल्या होत्या. पण ते एक कोणाला? मोठ्यांचे जनरल सर्वांत बलाढ्य देशाचे. पण ते चव्वेचाळीस वर्षांचे आणि त्यांचे वडील हयात होते. ज्याचे वडील जिवंत आहेत त्याच्यापुढे डोके ठेवत नाहीत. या नियमाला अपवाद आढळत नाही, असे बाईंनी प्रबंधाच्या दोनशे बाराव्या पानावर स्वतःच लिहून ठेवले होते. जनरलांना हे शल्य होतेच. आजवर प्रत्येक मेजवानीत डोके त्यांच्या समोरून दुसरीकडे गेलेले त्यांनी पाहिले होते, आणि वडिलांच्या प्रकृतीची चौकशी कोणी केली की ते जरा जास्तच जोरात "उत्तम आहे" म्हणत. उरले खालच्यांचे मार्शल आणि गवताळ्यांचे मंत्री. दोघांचेही वडील दिवंगत, दोघेही पात्र. एकाला दिले की दुसरा परिषद सोडून जाणार.

आणि मग बाईंना खुंट्यांजवळची खुर्ची आठवली.

"निरीक्षकाला?" मेलिस कुबातोविच आधी ओरडले, मग थबकले आणि मग हळूहळू त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे... ज्याला रांगेत जागाच नाही, त्याला पहिला नंबर. कोणी कोणाच्या पुढे गेलं नाही. बुरुलचा सादिरोव्ना, तुम्ही इतकी वर्षं कुठं होता?"

"तुमच्या शेजारच्या खोलीत," बाई म्हणाल्या.

एक औपचारिकता बाकी होती. परिषदेपूर्वी प्रत्येक पाहुण्याचा तक्ता मागवला जाई: उंची, पथ्य, ॲलर्जी, वडील हयात आहेत किंवा नाहीत. निरीक्षकाचा तक्ता त्याच्या राजधानीतून भरून आला होता. उंची: मध्यम. पथ्य: परिस्थितीनुसार. वडिलांच्या रकान्यात लिहिले होते: 'या प्रश्नावर आमच्या देशाची कोणतीही भूमिका नाही.'

बाईंनी ते दोनदा वाचले. मुलगा सहासष्टचा. म्हणजे बाप, असलाच तर, नव्वदीच्या आसपास. असणार नाही, असे त्यांनी ठरवून टाकले. विद्वानाने आयुष्यात एकदाही करू नये अशी गोष्ट त्यांनी केली: पुराव्याच्या जागी अंदाज ठेवला. तसा सगळ्या संघाचा डोलारा अंदाजावरच उभा होता. पण संघाला कोणी प्रबंध लिहायला लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, खिडक्यांतून सरोवराचा निळा उजेड आत येत असताना, निरीक्षकाची खुर्ची खुंट्यांजवळून उचलून दारासमोरच्या मानाच्या जागी ठेवण्यात आली. द्रागोमिर वेसेलिनोविच खुर्चीमागून चालत आले, कोणीतरी आपले सामान नेत असावे तसे. खुबे वाटले गेले. चारही मंत्र्यांनी आपापल्या ताटाकडे, मग इतरांच्या ताटांकडे पाहिले आणि समाधानाने मान हलवली. बाईंनी श्वास सोडला. मग झुमाकानने डोके आणले आणि त्याचे नाक निरीक्षकाकडे वळवून ठेवले.

निरीक्षकाने डोक्याकडे पाहिले. डोक्याने निरीक्षकाकडे पाहिले. दोघांनाही बोलण्याचा अधिकार नव्हता.

त्याने बाईंना खुणेने बोलावले आणि कानाशी म्हटले, "मी काय करायचं असतं?"

आणि इथे बाईंच्या लक्षात आले की त्यांनी डोके कोणाला द्यायचे याचा तीन आठवडे विचार केला होता, पण ते मिळालेल्या माणसाला पुढे काय करावे लागते याचा केला नव्हता. तो विचार इथे कोणीच करत नाही; ते सगळ्यांना जन्मापासून ठाऊक असते. डोके मिळालेला माणूस ते एकटा खात नाही. तो ते कापतो आणि वाटतो.

"कापायचं आणि वाटायचं," त्या कुजबुजल्या.

"कोणाला?"

समोर चार देश बसले होते, सुरी निरीक्षकाच्या हातात होती आणि उत्तर प्रबंधात होते. बाईंनी प्रबंधातले उत्तर दिले. दुसरे त्यांच्याजवळ नव्हतेच.

"कान पंक्तीतल्या सगळ्यात लहानाला. त्यानं मोठ्यांचं ऐकावं म्हणून."

निरीक्षकाने पंक्तीवरून नजर फिरवली, अकरा वर्षांच्या सवयीने अचूक वय ताडले, कान कापला आणि दोन्ही हातांनी, आदराने, मोठ्यांच्या जनरलांच्या ताटात ठेवला.

 दोन सागरांना टेकलेल्या देशाचा संरक्षणमंत्री आपल्या ताटातल्या कानाकडे पाहत होता. असा कान त्याला शेवटचा मिळाला तेव्हा तो सात वर्षांचा होता.

"आता डोळे," निरीक्षक कुजबुजला. त्याच्या चेहऱ्यावर खऱ्या कुतूहलाचा उजेड पसरला होता. काहीतरी करायला मिळाल्याला त्याला अकरा वर्षे झाली होती.

"डोळे... ज्याला पुन्हा पुन्हा भेटावंसं आपल्याला वाटतं त्याला," बाई म्हणाल्या. "दोन्ही एकालाच. जोडी फोडत नाहीत."

निरीक्षकाने विचार केला. इतक्या परिषदांत त्याला रोज सकाळी न चुकता "झोप लागली का?" असे विचारणारा एकच माणूस होता: खालच्यांचे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे मार्शल. दोन्ही डोळे त्यांच्याकडे गेले. शेजाऱ्यांच्या हद्दीत डोकावण्याचा या मार्शलांच्या देशाचा लौकिक असा होता, की टेहळणीचे पद त्यांना सोडून कोणालाही द्यावे यावर चार वर्षे उरलेल्या तिघांचे एकमत होते.

"जीभ?"

"जो कमी बोलतो त्याला. त्याची जीभ सुटावी म्हणून."

गवताळ्यांचे मंत्री तीन दिवसांत चार शब्द बोलले होते आणि त्यातले दोन 'चहा' होते. जीभ त्यांना मिळाली. त्यांनी ती पाहिली आणि ते आश्चर्याने पाचवा शब्द बोलले. "मला?"

मेलिस कुबातोविच भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी आतल्या खिशातला कागद चाचपला आणि बाईंकडे पाहून ओठांनीच 'समोवार' म्हटले.

पण रीत अर्ध्यावर थांबत नाही. डोके ज्याच्यापुढे आले, त्याने शेवटी तळहात उघडून आशीर्वाद द्यायचा असतो. बाईंनी तेही सांगितले. बोलायची मनाई असलेल्या निरीक्षकाने तळहात उघडले आणि तो गप्प बसला. पंक्तीतल्या सगळ्यांनी तळहात उघडले. अर्धे मिनिट गेले, एक गेले. एवढा लांबलचक आणि एवढा निर्दोष आशीर्वाद त्या टेबलाने कधी ऐकला नव्हता. अखेर मार्शलांना भरून आले.

"ओमिन!" ते म्हणाले, म्हणजे तथास्तु; मागोमाग चारही देशांनी तोच शब्द म्हटला आणि त्यांचे हात एकदम चेहऱ्यावरून फिरले.

मग मार्शलांनी डोळ्यांच्या ताटावर बोट ठेवले. "म्हणजे टेहळणी आमच्याकडे. ऐकायचं काम मोठ्यांकडे. बोलायचं गवताळ्यांकडे. चार वर्षं लागली पोरांनो, पण वाटप झालं."

"वाटप?" जनरल ताडकन उठले. "मताचा अधिकार नसलेल्या माणसानं मेंढ्याचं डोकं कापलं, त्याला वाटप म्हणायचं?"

"ओमिन म्हणालास ना तू?"

"सवयीनं म्हणालो!"

"सगळे सवयीनंच म्हणतात, बाळा. करारावर सही कशानं केली होतीस?"

"मला चालेल," गवताळ्यांचे मंत्री म्हणाले. जीभ खरोखरच सुटू लागली होती. "आपल्यापैकी कोणी दिलं असतं, तर मी घेतलं नसतं. यानं दिलं. याचं काय, हा कोणीच नाही."

ही गोष्ट खरी होती आणि खोलीत ती हळूहळू सगळ्यांना पटू लागली. आपले मंत्रीही मान हलवू लागले. देणाऱ्यापुढे कोणाचीच मान खाली गेली नव्हती. चार वर्षे अडलेली तीन पदे एका जेवणात सुटत होती आणि हरलेले कोणी नव्हते. बाईंनी पाहिले: मेलिस कुबातोविच खिशातून पेन काढत होते.

"थांबा," जनरल म्हणाले. त्यांचा आवाज एकदम शांत झाला होता. आयुष्यभर ज्या नियमाने त्यांना डावलले, तो नियम त्यांना आज प्रथमच उपयोगी वाटला. "याचे वडील आहेत का?"

 वडील असले तर डोके चुकीच्या माणसापुढे गेले. मग कान, डोळे, जीभ, ओमिन, सगळे रद्द. बाई निरीक्षकाजवळ वाकल्या. 

"तुमचे वडील...?"

"आहेत की," निरीक्षक त्यांच्या कानात म्हणाला. "एक्क्याण्णव. आलुबुखाराची झाडं अजून स्वतः छाटतात. शिडीवर चढून."

बाई सरळ झाल्या. सगळे डोळे त्यांच्यावर होते. दोन ताटातले धरून. खरे सांगितले, तर वाटप मोडते, जनरल कागद भरतात आणि पाटीवरचा शब्द जन्मभर राहतो. खोटे सांगितले, तर पान दोनशे बारा, आणि त्यामागची सहा वर्षे, आणि ज्या एका गोष्टीत त्या कार्यवाहक नव्हत्या ती गोष्ट, हे सगळे जाते. सात वर्षे त्यांनी या माणसांची ताटे मांडली होती. ती माणसे करार वाचत नाहीत, नियमावली वाचत नाहीत, आणि आपण काय मान्य केले ते मेंढा कापल्याशिवाय त्यांना कळत नाही, हे त्या सात वर्षे मुकाट्याने पाहत आल्या होत्या. त्यांना राग आला. अगदी थंड, पायऱ्या मोजत वर येणारा राग. आणि त्याच्याबरोबर एक कलम वर आले.

"संघाच्या नियमावलीचं कलम नऊ," त्या म्हणाल्या. "निरीक्षकाला कोणत्याही प्रश्नावर विधान करता येत नाही. तो फक्त प्रश्नाची नोंद घेतो. निरीक्षकांनी आपल्या प्रश्नाची नोंद घेतली आहे, जनरलसाहेब."

"अहो, हो का नाही एवढंच विचारतोय!"

"हो किंवा नाही, दोन्ही विधानंच आहेत."

"हे असलं कलम कोणत्या मूर्खानं घातलं?"

बाईंनी कागद चाळले नाहीत. त्यांना पाठ होते. "चार वर्षांपूर्वीच्या परिषदेत. निरीक्षकानं मध्ये बोलू नये म्हणून. ठराव आपणच मांडला होता, जनरलसाहेब. आपली सही आहे."

मार्शल हसू लागले. ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावे लागले. जनरल खाली बसले, आणि समोर दुसरे काहीच नसल्यासारखा त्यांनी कान खाल्ला.

संध्याकाळच्या आत तिन्ही पदांचा ठराव झाला. अभिप्रायाचे कागद गोळा झाले: मार्शलांचा कोरा, गवताळ्यांचा कोरा, जनरलांचाही कोरा, कारण तक्रार करायची म्हणजे कलम नऊवर करावी लागली असती. राहिला एकच कागद. तो घेऊन द्रागोमिर वेसेलिनोविच अंगणात गाडीजवळ उभे होते.

"पान दोनशे बारा," ते म्हणाले.

बाईंच्या हातातली फाइल खाली आली. "तुम्ही... वाचलंय?"

"इथल्या वाचनालयात एक प्रत आहे. अकरा वर्षांत मी पाच वेळा या आरोग्यधामात आलो. खुंट्यांजवळ बसून माणूस करणार काय? फार चांगलं लिहिलंय. कानाबद्दलचं प्रकरण जरा त्रोटक आहे."

"मग वडील हयात असून तुम्ही डोकं घेतलंत कसं?"

"मी घेतलं नाही. ते माझ्यापुढे ठेवलं गेलं. मी निरीक्षण केलं." त्यांनी चष्मा पुसला. "आमच्या राजधानीत दोन कार्यालयं आहेत. एकाला कळवीन की संघानं आपल्याला सर्वोच्च मान दिला, वाटप आपण केलं. दुसऱ्याला कळवीन की स्थानिक नियमानुसार ते वाटप मुळात झालंच नाही. दोघंही खूश होतील. असं अकरा वर्षांत पहिल्यांदा घडतंय."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले. मग वृत्तीने विद्वान असल्यामुळे आणि आता त्यांना राहवेना म्हणून त्यांनी विचारले, "पण ते खरंच आहेत? शिडीवर चढतात?"

द्रागोमिर वेसेलिनोविच गाडीत बसले, त्यांनी कोरा कागद खिडकीतून बाईंच्या हाती दिला आणि अत्यंत सौजन्याने म्हणाले, "या प्रश्नावर आमच्या देशाची कोणतीही भूमिका नाही."

सोमवारी पाटी बदलली. राजशिष्टाचार विभागप्रमुख म्हणून बुरुलचाबाईंनी केलेली पहिली सही त्या छोट्या देशाच्या राजधानीला पाठवलेल्या पत्राखाली होती. पत्रात एकच विनंती होती: निरीक्षकांच्या तक्त्यातला वडिलांचा रकाना, अभिलेखाच्या पूर्ततेसाठी, कृपया भरून पाठवावा.

पाच आठवड्यांनी उत्तर आले. पत्र नव्हते, लाकडी पेटीत भुशात गुंडाळलेली आलुबुखाराच्या दारूची एक बाटली होती. तिच्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर थरथरत्या अक्षरात यंदाचे साल लिहिले होते. सही नव्हती. बाईंनी ती चिठ्ठी खिडकीशी नेली, भिंगाखाली धरली, आडवी केली, उभी केली. हात एक्क्याण्णव वर्षांचा होता, किंवा तसा दिसावा अशी ज्याची इच्छा होती अशा सहासष्ट वर्षांच्या निरीक्षकाचा होता.

त्यांनी कपाटातून प्रबंध काढला, दोनशे बारावे पान उघडले आणि 'अपवाद आढळत नाही' या शब्दांशेजारी पेन्सिल टेकवली. बराच वेळ ती तिथेच राहिली. मग समासात त्यांनी बारीक अक्षरात लिहिले, 'नोंद घेतली', आणि झुमाकानला दोन पेले घेऊन वर बोलावले.